मूर्तिकाराच्या लेकीने पाहिलेला फायास

पेणच्या गणपती कारखान्यात वाढलेल्या माणसाला मूर्ती घडताना दिसते, जाताना दिसते. पुढे तिचं काय होतं ते दिसत नाही. जुलै लागला की आमच्या दारात टेम्पो उभे राहायचे. खाली पेंढा अंथरायचा, मूर्ती एकमेकींना घासणार नाहीत अशा बसवायच्या, वरून प्लास्टिक घट्ट बांधायचं, कारण तेव्हा आमच्याकडे पाऊस धो धो कोसळत असतो. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक. काही तर पेट्यांतून थेट परदेशात. चतुर्थीच्या आदल्या रात्री कारखान्यात रिकाम्या फळ्या आणि रंगाचे डबे तेवढे उरायचे. अनंत चतुर्दशीला त्या सगळ्या मूर्ती कुठल्या कुठल्या पाण्यात उतरायच्या, तेव्हा बाबा थकून झोपलेले असायचे. घरचा दीड दिवसाचा गणपती सोडला, तर आपल्या हातची मूर्ती पाण्यात जाताना त्यांनी पाहिल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं मला स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियाला राहायला आल्यावर लख्ख आठवायला लागलं. इथे मार्चमध्ये फायास असतो. शहरभर चौकाचौकांत लाकडाच्या, कागदाच्या, फोमच्या प्रचंड आकृती उभ्या राहतात, आणि १९ मार्चच्या रात्री, म्हणजे संत जोसेफच्या दिवशी, त्या जाळून टाकतात. ज्याने ती आकृती वर्षभर खपून घडवली, तो कलाकार बहुधा तिथेच गर्दीत उभा असतो. त्याला ते सगळं बघावं लागतं. माझ्यासाठी या सणातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, म्हणून हे लिहितेय. नाहीतर फटाके, पाएया हा इथला भात आणि नाचगाणं यांवर पुष्कळांनी लिहिलंय.

आम्ही २०२१च्या ऑक्टोबरात आलो. माझी नोकरी बंदरातल्या मालवाहतुकीच्या ऑफिसात, नवरा घरून काम करणारा, लेक तेव्हा बालवाडीत. घर मिळालं शहराच्या उत्तरेला, बेनिकालाप भागात. तिथून जवळच फायासच्या कलाकारांची आख्खी वस्ती आहे, हे घर घेताना माहीत नव्हतं. १९६०च्या दशकात रेखिनो मास या नामवंत कलाकाराच्या पुढाकारातून ती उभी राहिली. एका ओळीत उंचच उंच शटरांच्या शेड. आतली आकृती उभीच्या उभी बाहेर काढता यावी म्हणून दारं एवढी उंच. आज त्यातल्या बऱ्याच शेड बंद असतात किंवा तिथे दुसरेच धंदे चालतात, पण काहींत अजून काम चालतं.

एका थंड संध्याकाळी लेकीला घेऊन येताना तिथे पुट्टीचा, घासलेल्या प्लास्टरचा आणि ताज्या रंगाचा वास आला, आणि माझे पाय थबकले. शटर अर्धं वर होतं. आत माणसापेक्षा उंच असं एक डोकं जमिनीवर ठेवलेलं, पांढरंफेक, नाक अजून बसवायचं होतं. त्याच्या गालाला एक बाई पॉलिश पेपर मारत होती. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये मी सांगितलं, माझे वडील देवाच्या मूर्ती करतात. मोबाइलवरचे फोटो दाखवले. शेडचा मालक, पन्नाशीचा, हात पांढरे झालेले, फोटो मोठा करून बघत राहिला. देव कोणता, सोंड का, हे त्याने विचारलंच नाही. त्याचा पहिला प्रश्न होता, ‘आत काय आहे?’

मी म्हटलं, प्लास्टर आणि त्यात नारळाचा काथ्या. त्याने कोपऱ्यातून एक जुना साचा ओढून आणला आणि मागची बाजू दाखवली. प्लास्टरमध्ये एस्पार्तो नावाच्या गवताचे तंतू घातले होते. त्यांच्याकडे नारळ नाही, तर त्यांनी माळावरचं गवत घेतलं. साच्याला तडा जाऊ नये म्हणून आमच्या माणसांनी जे शोधून काढलं, तेच यांनीही काढलं होतं. त्या संध्याकाळी मी बाबांना फोन करून पहिलं हेच सांगितलं. ते म्हणाले, ‘अगं, मग त्याला विचार, साच्याला आतून काय लावतात? साबण का तेल?’

त्या शेडमध्ये मी पुढे अनेकदा गेले. जुनी पद्धत अशी: आधी मातीत आकृती घडवायची, तिचा प्लास्टरचा साचा काढायचा, साच्याच्या आत खळीत भिजवलेला जाड कागद थरावर थर दाबून बसवायचा. वाळला की सोडवायचा, तुकडे लाकडी सांगाड्यावर चढवायचे, सांधे भरायचे, घासायचे, रंगवायचे. त्याहून जुनी आणि मला सगळ्यात आवडलेली रीत म्हणजे वारेता. लाकडाच्या बारीक पट्ट्या एकाशेजारी एक वाकवून त्यांनीच अंगाची गोलाई उभी करायची. चांगल्या हाताने केलेला वारेताचा खांदा रंग न देताही बघत राहावा असा असतो.

आता बहुतेकांचं काम फोमवर चालतं. संगणकावर आकृती तयार होते, यंत्र पांढऱ्या फोमच्या ठोकळ्यांतून ती कापतं, मग ठोकळे जोडून, घासून, वर कागद आणि पुट्टी. त्याने आकृत्या हलक्या झाल्या, उंच झाल्या, हवेत तोल सांभाळणाऱ्या झाल्या. पण फोम जळतो तेव्हा जो काळा धूर उठतो तो विषारी असतो, आणि त्याच्याजवळ लहान मुलं उभी असतात. याबद्दल इथे दरवर्षी बोललं जातं. काही कलाकार वारेताकडे परत वळले आहेत, आणि इथल्या भातशेतीतला पेंढा वापरून बघण्याचे प्रयोगही झाले आहेत. मला हे वाद घरचे वाटतात. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पीओपीविरुद्धच्या सूचना आल्या, तेव्हापासून पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातल्या प्रत्येक कारखान्यात हीच चर्चा आहे: शाडू हवी हे खरं, पण वजन, मोडतोड, वाळायला लागणारे दिवस आणि मजुरी यांचं गणित कोण मांडणार? माझं मत स्पष्ट आहे. फोम जायला हवा, पण त्याची किंमत एकट्या कलाकाराने मोजायची नाही. वारेताला वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे लोकांनी द्यायला हवेत.

पैसे देणारे कोण? तर मंडळं. शहरात अशी साडेतीनशेहून अधिक मंडळं आहेत. प्रत्येक जण चौकात एक मोठी आणि एक लहान मुलांची अशा दोन आकृती उभारतो, त्या आकृतीलाही फायाच म्हणतात. मंडळाची गल्लीत स्वतःची जागा असते. तिथे वर्षभर जेवणं होतात, पत्त्यांचे डाव रंगतात, मुलांची नाटकं बसतात. दरमहा वर्गणी. शिवाय नाताळच्या मोठ्या लॉटरीची तिकिटं थोडे पैसे वर घेऊन विकायची. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. जिन्यात भेटल्या की तिकीट पुढे करायच्या. मी घेत गेले. एकदा त्या म्हणाल्या, नुसती तिकिटं काय घेतेस, लेकीला घेऊन ये की. तेव्हापासून आम्ही मंडळाचे.

मंडळाला कलाकार निवडायची घाई असते. १९ला रात्री राख होते आणि त्यानंतर लगेच पुढच्या वर्षीच्या करारांची बोलणी सुरू होतात. बक्षिसांसाठी आकृत्यांचे गट त्यांच्या खर्चावरून पाडलेले असतात. सगळ्यात वरच्या विशेष गटात लाखो युरो ओतले जातात. आमच्या शेजारच्या भागातल्या नोउ कांपानार मंडळाने २००९ मध्ये एकाच आकृतीवर ९ लाख युरो खर्च केले होते. त्यामागे बांधकामाच्या तेजीतला पैसा होता. तो आटल्यावर तशी आकृती पुन्हा झाली नाही. आमचं मंडळ अगदी खालच्या गटातलं. आमची फाया दोन मजल्यांएवढीही नसते, पण तीवरून रात्री बारापर्यंत भांडणं होतात.

आणि विषय? फायाचा जीव म्हणजे टवाळी. मंत्री, महापौर, बँकवाले, फुटबॉलवाले, ट्रम्प, कोणालाही सोडत नाहीत. मधल्या उंच आकृतीभोवती लहान बाहुल्यांचे प्रसंग मांडतात आणि शेजारी व्हॅलेन्सियन भाषेतल्या यमकी पाट्या लावतात. लोक त्या पाट्या सावकाश वाचतात, एकमेकांना समजावतात. आजी मला प्रत्येक पाटीसमोर उभं करून अर्थ सांगतात, त्यातून या शहराचं राजकारण मला कळलं.

मोठ्या फायांतल्या एका बाहुलीला मात्र दरवर्षी जीवदान मिळतं. ही प्रथा १९३४ची. सणाआधी सगळ्या मंडळांच्या निवडक बाहुल्यांचं प्रदर्शन भरतं, लोक मतं देतात, आणि जिला सगळ्यात जास्त मतं ती जळत नाही, संग्रहालयात जाते. पहिली वाचलेली बाहुली नातीला घेतलेल्या आजीची होती. संग्रहालयात ओळीने फिरलं की दिसतं, लोक वर्षानुवर्षं कोणाला वाचवत आलेत: म्हातारी माणसं, नातवंडं, कामात गढलेले कारागीर. टवाळी जाळायची आणि माया ठेवायची, असा कौल ही जनता देत आली आहे. मी जाते तेव्हा चेहऱ्यांपेक्षा हात बघते. हातांच्या शिरा ज्याने नीट काढल्या, त्याला माझं मत.

इथला माझा पहिला मार्च महिना मी कधी विसरणार नाही. महामारीमुळे २०२०चा सण तोंडावर आलेला असताना रद्द झाला होता. नगरपालिकेच्या चौकात ध्यानस्थ बाईच्या आकृतीचं डोकं आणून ठेवलेलं होतं, त्याला लोकांनी प्रचंड मोठा मास्क चढवला. २०२१ला सण सप्टेंबरात, निर्बंधांत झाला. त्यामुळे २०२२चा मार्च हा सगळ्यांसाठी परत आलेला मार्च होता. आणि नेमका पाऊस. तोही साधा नाही. सहारातून आलेली धूळ पावसात मिसळून आभाळ नारिंगी झालं आणि गाड्यांवर, बाल्कन्यांवर तांबडा चिखल पडला. १५ तारखेच्या रात्री सगळ्या आकृती जागेवर उभ्या असाव्याच लागतात, दुसऱ्या दिवशी परीक्षक येतात. क्रेन लागलेल्या, शिडीवर माणसं, आणि खाली ती पॉलिश पेपरवाली बाई ओल्या कापडाने एका बाहुलीच्या चेहऱ्यावरचे तांबडे थेंब टिपून तिथल्या तिथे रंग भरतेय. मी धावत घरी गेले आणि होतं नव्हतं तेवढं प्लास्टिक घेऊन आले. आम्ही प्लास्टिक बांधलं. गाठ मी मारली, ती सुटली नाही. ती गाठ मला टेम्पोवाल्यांनी शिकवलेली आहे. कलाकाराने गाठीकडे बघितलं आणि मग प्रत्येक ठिकाणी मला हाक मारली.

त्या वर्षी होळी १७ मार्चला होती. पेणला होळी लागली तेव्हा इथे गल्ल्यांत माणसांचा पूर होता, त्यामुळे मला घरची आठवण येऊन एकटं वाटायला सवडच मिळाली नाही.

आवाजाबद्दल सांगायलाच हवं. १ ते १९ मार्च रोज दुपारी दोनला नगरपालिकेच्या चौकात मास्क्लेता होते. भर उन्हात फटाके. बघायचं काही नाही, धूर तेवढा. सगळं ऐकायचं. त्या वर्षीची मानाची तरुणी बाल्कनीतून दारूगोळ्याच्या उस्तादाला सुरू करायची परवानगी देते, आणि सुतळीवर ओळीने टांगलेले बार उडू लागतात. आधी तुटक, मग लय धरत, मग दोन बाजूंनी एकमेकांना उत्तर देत, आणि शेवटच्या मिनिटात जमिनीतून आणि आभाळातून एकदमच. तो आवाज पोटात जातो. कानावर हात न ठेवता तोंड उघडं ठेवायचं, असं आजींनी शिकवलं. पाच-सात मिनिटांत संपतं, आणि लोक उस्तादाला गाण्याच्या मैफिलीसारखी दाद देतात. आज लय चांगली होती, मध्ये जरा पडली, शेवट घाईत केला, अशी चर्चा जेवणाच्या टेबलावर चालते. मला पहिल्यांदा भीती वाटली. आता मार्चमध्ये ऑफिसची दुपारची सुट्टी मी त्या वेळेला जोडून घेते.

लेकीच्या गळ्यात तर फटाक्यांची लाकडी पेटी असते, हातात धुमसणारी वात. सकाळी आठला बँड आणि बार उडवणारी मंडळी गल्ली उठवत फिरतात, त्यांच्या मागे ही. तान्ह्या बाळांच्या आणि म्हाताऱ्यांच्या घरांना याचा त्रास होतो, कुत्री पलंगाखाली थरथरतात, हेही खरं. आमच्या मंडळाने गेल्या काही वर्षांत दवाखान्याजवळचा तुकडा वगळला आहे. तसं सगळ्यांनी करावं असं मला वाटतं.

खायला रस्त्यावर बुन्युएलो: लाल भोपळा घातलेलं आंबवलेलं पीठ, हाताने मध्ये भोक पाडून तेलात सोडायचं, वर साखर, सोबत दाट गरम चॉकलेट. घारगे खाऊन वाढलेल्या जिभेला हे सांगावं लागत नाही.

१७ आणि १८ला मंडळं मिरवणुकीने मारे दे देउला, म्हणजे शहराची माउली मानलेल्या मेरीमातेला फुलं वाहायला जातात. चौकात तिची साधारण १४ मीटर उंच लाकडी आकृती असते. चेहरा आणि हात तेवढे घडवलेले, बाकी नुसता लाकडी सांगाडा. त्या सांगाड्यावर माणसं चढलेली असतात. खालून एकेक गुच्छ वर फेकतात, ते झेलून खोचत जातात, आणि दोन दिवसांत फुलांचं आख्खं वस्त्र तयार होतं. नक्षी आधीच ठरलेली असते, त्यामुळे कोणत्या मंडळाने कोणत्या रंगाची फुलं आणायची हेही ठरलेलं. बायका-मुलींचे रेशमी घागरे इथल्या जुन्या मागांवर विणलेले, केसांचे तीन अंबाडे, सोनेरी फण्या. खरं हातमागाचं कापड पैठणीइतकंच सावकाश विणलं जातं आणि किंमतही तशीच. माझ्या लेकीचा घागरा आजींच्या नातीचा, आखूड झालेला.

आमच्या मंडळाची पाळी रात्री उशिरा आली. तासन्‌तास हळूहळू चालून पाय भरून आले होते, बँड तेच तेच सूर वाजवून थकला होता. चौकात वळलो आणि आजी रडायला लागल्या. त्या जन्मापासून इथे येतायत. आसपासच्या सगळ्या बायका रडत होत्या, अगदी धट्ट्याकट्ट्या, मोठ्याने हसणाऱ्यासुद्धा. आम्ही कोण, आमचा देव कोणता, हे आम्हाला कोणीही विचारलं नाही. लेकीच्या हातात गुच्छ दिला होता, तिने तो दिला, आणि तो वर जाताना ती बघत राहिली. पुढचे दोन दिवस तिचा गुच्छ नेमका कुठे बसलाय हे ती मला बोटाने दाखवायची.

बाबा आले २०२५च्या मार्चमध्ये. त्याआधीचा ऑक्टोबर फार वाईट गेला होता. २९ ऑक्टोबर २०२४ला डोंगरात कोसळलेला पाऊस ओढ्यांतून खाली आला आणि शहराच्या दक्षिणेची गावं, पाइपोर्ता, कातारोखा, बेनेतुसेर, चिखलात बुडाली. व्हॅलेन्सिया प्रांतात दोनशेहून जास्त माणसं गेली. मुख्य शहर वाचलं, कारण १९५७च्या पुरानंतर नदीच बाहेरून वळवलेली आहे. पुढच्या दिवसांत लोक खराटे आणि फावडी खांद्यावर घेऊन पादचारी पुलावरून तिकडे चालत गेले. आमचं मंडळही गेलं. एका गावातल्या मंडळाच्या जागेत भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर पाण्याची रेघ होती आणि जमिनीवर चिखलात मुलींचे रेशमी घागरे. जुलै २०२१ मध्ये महाडला मावशीच्या घरात मी अशीच रेघ पाहिली होती. चिखल काढायला आधी पाणी मारायचं नाही, आधी ओढून घ्यायचा, हे आम्हा रायगडकरांना माहीत असतं. तिथे ते उपयोगी पडलं. त्या गावांत पुढच्या मार्चमध्ये सण करायचा का, असा प्रश्न होता. केला. लहान आकृती, जपून, पण केला.

तर बाबा. कारखाना आता दादा बघतो म्हणून त्यांना निघता आलं. आल्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना शेडमध्ये घेऊन गेले. आकृत्या बाहेर पडायला थोडेच दिवस उरलेले, कोणाला बोलायला फुरसत नव्हती. बाबांनी ते ओळखलं. त्यांनी स्वेटर काढला, पॉलिश पेपर उचलला आणि एका बाहुलीच्या कोपराला लागले. कोणी काही बोललं नाही. दुपारी रंगारी मुलगा डोळे काढायला बसला तेव्हा बाबा उठून त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. आमच्याकडे आखणी हे कारखान्यातलं सगळ्यात मानाचं काम. बाबांनी ते चाळीस वर्षं केलं. मुलाने एका दमात वरची पापणी ओढली. बाबा मला हळूच म्हणाले, ‘श्वास धरलान् बघ त्याने.’ जेवताना कलाकाराने मला विचारलं, तुझे बाबा बुबुळ आधी भरतात की कडा? मी दुभाषी झाले, आणि ते दोघं कागदाच्या रुमालावर पेन्सिलीने डोळे काढत बसले.

१९ची रात्र. आठला मुलांची फाया पेटली, आणि लेकीसकट मंडळातली सगळी पोरं हमसून रडली. मोठ्या फायाची वेळ दहाची, पण अग्निशमनाची गाडी आल्याशिवाय पेटवत नाहीत, त्यामुळे थांबावं लागलं. खाली डांबर वितळू नये म्हणून वाळूचा जाड थर. माणसांनी आकृतीला जागोजागी भोकं पाडून आत पेट्रोल ओतलं. बाबांनी माझा हात धरला. स्वतःच्या हाताने घासलेलं ते कोपर त्यांना दिसत होतं.

मंडळाच्या त्या वर्षीच्या मानकरी मुलीने वात पेटवली. फटाक्यांची माळ तडतडत आकृतीपर्यंत गेली आणि बघता बघता ज्वाळा इमारतीच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत. काळा धूर. उष्णतेने सगळी गर्दी मागे सरकली. जवानांनी भिंतींवर पाणी सोडलं. चेहरा आधी गेला, मग हात, मग आतला लाकडी सांगाडा लालभडक उभा राहिला. मी कलाकाराकडे बघत होते. त्याची नजर ज्वाळांवर नव्हतीच, खालच्या चार खांबांवर होती. दोन्हीकडे घरं इतकी जवळ, की सांगाडा बाहेर पडला तर अनर्थ. तो आत कोसळेल असाच आधीपासून जोडावा लागतो, हे त्याने मला पूर्वी सांगितलं होतं. सांगाडा किंचित वळला, आणि जागच्या जागी आत बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बँडने प्रांतगीत सुरू केलं. त्याच्या खांद्यांतला ताण सुटलेला मी पाहिला.

बाबांनी मला विचारायला लावलं, तुम्हाला वाईट नाही वाटत?

तो म्हणाला, वाटतं. पण चार दिवस इथून जाताना मला तिच्यातल्या चुकाच दिसत होत्या, त्या आता कोणाला दिसणार नाहीत.

मी मराठीत सांगितलं. बाबा म्हणाले, ‘त्याला सांग, आमच्या चुका लोकांच्या देव्हाऱ्यात दहा दिवस बसतात, आणि लोक त्यांनाही नमस्कार करतात.’

कलाकार हसला नाही. त्याने बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्या सप्टेंबरात बाबा दादाला घेऊन ठाण्याला गेले. आमच्याकडून वर्षानुवर्षं मूर्ती नेणाऱ्या एका मंडळाला त्यांनी सांगितलं, विसर्जनाला मी येणार. मला रात्री फोन आला, मागे ढोलताशा चालू. ओरडूनच बोलत होते. उतरवताना धक्का बसला, पण आधार हलला नाही म्हणाले. उजव्या हाताचा जोड पुढच्या वर्षी मागे घ्यायला हवा, तिथे ताण येतो, हे इतकी वर्षं कळलंच नव्हतं, असंही म्हणाले.

तुमच्यापैकी कोणी मार्चमध्ये इकडे येणार असाल तर थोडं सांगते. १५ ते १९ला राहायची जागा मिळणं कठीण, फार आधी ठरवा. गाडी आणू नका. रस्ते बंद असतात, मेट्रोने फिरा. लहान मूल सोबत असेल तर त्याच्या कानांना झाकणं हवीतच. १५च्या रात्री झोपू नका, आकृत्या उभ्या राहताना बघा, तेव्हा कलाकार भेटतात. १९ला मोठ्या चौकातल्या गर्दीत शिरू नका. एखाद्या गल्लीतली लहानशी फाया निवडा, दिवसा तिच्या पाट्या वाचून घ्या, रात्री नऊलाच जाऊन उभे राहा, वाऱ्याची दिशा बघून धुराच्या उलट बाजूला. आणि मंडळातल्या कोणाला तरी विचारा, ही कोणी केली? बहुतेक वेळा तुम्हाला बोटाने दाखवतील.